चेहरा आपला, गोष्ट गायब!

अकलूजची रिंकू आणि करमाळ्याचा आकाश २०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभरच्या होर्डिंगवर झळकले. 'असले चेहरे विकले जात नाहीत' हा सिनेमाच्या मार्केटिंगचा जुना फंडा तेव्हा सपशेल फेल गेला. पण चेहरा पोस्टरवर आला, म्हणजे त्याची गोष्टही आली का?

एक छोटीशी टेस्ट घेऊया. डोळे मिटा आणि मराठी सिनेमांची पाच पोस्टरं आठवा. पटकन, गुगल न करता! आता त्यांवरचे चेहरे बघा. रंग कोणता? कपडे कुठले? मागं काय दिसतंय... फ्लॅट, वाडा की समुद्र? आणि त्या पाचांत पत्र्याच्या घरातला, उन्हानं रापलेला, आडनाव सांगताना क्षणभर थबकणारा एखादा चेहरा आहे का? असला तर कुठं आहे? मधोमध, की हिरोच्या खांद्यामागं?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असेल. आणि ज्यांचं 'आहे' असेल, त्यांच्यासमोर 'फँड्री' किंवा 'सैराट' उभा राहिला असणार, पैज!

हे दोन्ही सिनेमे आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं केलेत. नागराज मंजुळे मूळचा करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. त्यामुळं आम्हा सोलापूरकरांची कॉलर जरा जास्तच टाईट असते. पण या लेखात कॉलर टाईट करायची नाहीये. मला बोलायचंय ते सिनेमापेक्षा सिनेमाच्या जाहिरातीबद्दल. कारण सिनेमा बघतात लाखो लोक, पण पोस्टर बघतात सगळेच. रिक्षातून जाणारा, सिग्नलला थांबलेला, तिकीट कधीच न काढणारासुद्धा. या शहरात कोण 'हिरो मटेरियल' आणि कोण नाही, हे ज्ञान आपल्याला कुठल्याही पुस्तकातून मिळालेलं नाही. ते भिंतींवरून मिळालंय.

नकाशात नसलेलं शहर

आधी आमच्या शहराची ओळख करून देते. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी एवढंच माहीत असतं. प्रत्यक्षात इथं एका चौकात चार भाषा कानावर पडतात. पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू, अक्कलकोटकडून येणारी कन्नड, शहरभर पसरलेली उर्दू, आणि या सगळ्यांनी मिळून बनवलेली आमची मराठी. 'काय करलालास?' असं कुणी विचारलं, की समजायचं, माणूस आपल्याकडचा!

पण सिनेमाच्या बाजाराला हे शहर असं दिसतच नाही. हिंदी सिनेमाचा धंदा देशाचे जे भाग पाडून चालतो, त्यात विदर्भ अजूनही 'सीपी बेरार' मध्ये आणि मराठवाडा 'निझाम' मध्ये मोडतो. इंग्रज गेले, निझाम गेला, राज्यांची पुनर्रचना झाली, पण वितरकांचा नकाशा काही बदलला नाही! सोलापूर या नकाशातला एक आकडा. शुक्रवारी किती जमले, सोमवारी किती उरले, बस्स. इथला माणूस तिकीट काढणारा म्हणून मोजला जातो. पोस्टरवरचा माणूस म्हणून त्याचा विचार कुणी करत नव्हतं... २०१४ पर्यंत.

व्हॅलेंटाइन डेला आलेलं डुक्कर

'फँड्री' कधी रिलीज झाला, आठवतंय? १४ फेब्रुवारी २०१४. बरोबर, व्हॅलेंटाइन डे!

हा योगायोग अजिबात नव्हता. कैकाडी भाषेत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. गावातली डुकरं पकडायचं काम ज्याच्या घराच्या माथी मारलंय, त्या जब्याची ही गोष्ट. जब्याला वर्गातली शालू आवडते. मार्केटिंगनं नेमका हा धागा उचलला. सोबतीला अजय-अतुलचं जबरदस्त गाणं आलं, ते गल्लोगल्ली वाजलं, रिंगटोन झालं. आणि गंमत म्हणजे हे गाणं सिनेमात नाहीच! ते फक्त प्रसिद्धीसाठी केलेलं. गुलाब घेऊन, जोडीनं थिएटरात शिरलेल्या पब्लिकला शेवटी जब्याचा दगड थेट पडद्यातून अंगावर आला.

तेव्हा काही जणांना वाटलं, ही चीटिंग आहे. लव्ह स्टोरी सांगून जात दाखवली. मला मात्र हा मामला वेगळा वाटतो. 'जातीवरचा सिनेमा' असं पोस्टरवर छापलं असतं, तर शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्समध्ये किती जण आले असते? तुम्हीच सांगा, तुम्ही गेला असता? मार्केटिंगवाल्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला असणार आणि उत्तर त्यांना माहीत होतं. म्हणून जब्याचा चेहरा समोर आला, आणि त्याच्या गळ्यात अडकवलेली जात मात्र तिकीट फाटेपर्यंत लपवली गेली.

जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. त्याला त्या कामासाठी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुठल्याही अॅक्टिंग स्कूलचा शिक्का नाही, फोटोशूट केलेला पोर्टफोलिओ नाही. तरीही मराठी सिनेमाच्या पोस्टरवर पहिल्यांदा असा चेहरा मधोमध आला, जो तोवर फक्त गर्दीच्या सीनमध्ये दिसायचा.

अर्ची आली आणि गणित बदललं

मग आला २९ एप्रिल २०१६. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या उन्हाळ्यात आमच्या शहरात कुठंही जा, पार्क चौक असो की सात रस्ता, एकच चर्चा. माझ्या मावशीनं, जी वर्षाकाठी एक सिनेमा बघते, तिनं 'सैराट' तीनदा बघितला. लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजलं नाही तर लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही, अशी परिस्थिती!

आता जरा मार्केटिंगच्या चष्म्यातून बघा. हिरोईन अकलूजची, शाळेत शिकणारी रिंकू राजगुरू. हिरो करमाळ्याचा, कुस्तीच्या तालमीतला आकाश ठोसर. दोघांचाही हा पहिला सिनेमा, दोघांच्याही घरात कुणी स्टार नाही. रूढ नियमानं हे पोस्टर 'डेड' होतं. पण झी स्टुडिओजनं हे चेहरे लपवले नाहीत, उलट त्यांच्यावरच जाहिरात उभी केली. एकेक गाणं सोडत पब्लिकची भूक वाढवली. ज्या सिनेमाची पोरं करमाळ्याच्या मातीतली, त्याचं संगीत थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड झालं आणि हीसुद्धा बातमी बनली. 'चला हवा येऊ द्या'च्या मंचावर ही पोरं आली आणि आपल्याच बोलीत बोलली. बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलचा आणि रिंकूच्या राष्ट्रीय पुरस्काराचा शिक्का तर रिलीजच्या आधीच बसला होता.

आणि अर्ची! ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, घोड्यावर बसते. तिचा तो इंग्लिशवाला डायलॉग तर अजून ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो. तिचा रंग सावळा, बोलणं ठसक्यात, आणि ती हिरोच्या खांद्याला लटकत नाही. पोरींनी तिच्यासारखं बोलायला सुरुवात केली. मेकअपच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षं जे शिकवलं, त्याला एका पोस्टरनं उभा छेद दिला.

निकाल तुम्हाला माहीत आहे. जगभरात १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी सिनेमा. बातम्यांत आलेला खर्चाचा आकडा ४ कोटींच्या आसपास. म्हणजे 'असे चेहरे चालत नाहीत' हे वाक्य आता कुठल्याही मीटिंगमध्ये बोलायची सोय राहिली नाही.

तरीही एक गोष्ट इथंही लपलीच. पाटलाची पोरगी आणि पारधी घरातला पोरगा, एवढा साधा, एवढा भयंकर मुद्दा जाहिरातीत कुठं होता? पोस्टरवर होतं प्रेम, गाण्यांत होतं प्रेम. शेवटच्या मिनिटांत थिएटरात जी शांतता पसरायची, ती कुठल्याही ट्रेलरमध्ये मावली नसती, हे खरं. पण दोन वर्षांत आपण फक्त अर्धीच पायरी चढलो. चेहरा उजळ माथ्यानं आला, जात अजून मागच्या दारानंच येत होती.

रिमेक, पण कुणाचा?

एखादी गोष्ट हिट झाली की तिच्या कॉप्या निघतातच. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली... 'सैराट'चे रिमेक धडाधड आले. कन्नडवाल्यांनी तर २०१७ च्या 'मनसु मल्लिगे'मध्ये हिरोईन म्हणून पुन्हा रिंकूलाच घेतलं! भाषा बदलली, चेहरा तोच राहिला. अक्कलकोटच्या पलीकडं जे चाललं, ते मुंबईत मात्र चाललं नाही.

२० जुलै २०१८ ला हिंदीत 'धडक' आला. निर्माते धर्मा प्रॉडक्शन्स आणि तेच झी स्टुडिओज. संगीत तेच अजय-अतुल. 'झिंगाट'सुद्धा हिंदीत आलं. बदललं काय? गाव गेलं, उदयपूरचे राजवाडे आणि तलाव आले. रिंकूच्या जागी श्रीदेवीची लेक जान्हवी कपूर, आकाशच्या जागी शाहीद कपूरचा धाकटा भाऊ ईशान खट्टर. आणि जात? ती उल्लेखापुरती उरली.

मला या दोघांच्या कामाबद्दल काही म्हणायचं नाही. मुद्दा पोस्टरचा आहे. 'धडक'चं पोस्टर बघणाऱ्याला सांगितलं जात होतं, की बघा, स्टारची मुलगी लाँच होतेय. 'सैराट'चं पोस्टर बघणाऱ्याला सांगितलं गेलं होतं, की बघा, तुमच्या गल्लीतली पोरगी लाँच होतेय. गोष्ट एकच, पण पहिल्या पोस्टरसमोर तुम्ही फॅन असता आणि दुसऱ्यासमोर वारसदार. फरक एवढाच, आणि एवढा मोठा!

पुढं १ ऑगस्ट २०२५ ला 'धडक २' आला. तो २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमावर बेतलेला. या वेळी जात झाकलेली नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण दलित तरुणाच्या भूमिकेतल्या सिद्धांत चतुर्वेदीचा रंग मेकअपनं गडद केल्याची टीका झाली. म्हणजे गोष्ट आली, तर चेहरा रंगवून आणला! दोन्ही एकदम यायला नेमकी काय अडचण आहे, कळत नाही.

नाव झुंड, चेहरा एक

आता जरा अवघड केस. ४ मार्च २०२२ ला नागराजचाच 'झुंड' आला. नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्यावर आधारलेला. पोरं खरीखुरी नागपूरची. पण जाहिरातीतलं सगळ्यांत मोठं नाव अर्थातच अमिताभ बच्चन. सिनेमाचं नाव 'झुंड', आणि लोक तिकीट काढणार एका माणसाच्या नावावर!

मग हेही 'धडक'सारखंच झालं का? मला नाही वाटत. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या पोस्टरवर बच्चन चक्क पाठमोरा उभा होता. देशातल्या सगळ्यांत ओळखीच्या चेहऱ्यानं आपल्याकडं पाठ केली होती, आणि तो जिकडं बघत होता, तिकडंच आपणही बघावं अशी ती मांडणी. सिनेमात तर हाच माणूस आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या भल्यामोठ्या फोटोसमोर हात जोडतो. इतक्या मोठ्या हिंदी स्टारला असं बघायची आपल्याला सवय नव्हती. स्टारचा चेहरा भिंत म्हणूनही वापरता येतो आणि खिडकी म्हणूनही. इथं तो खिडकी झाला, निदान त्या पहिल्या पोस्टरवर तरी.

स्टार खिडकी कसा होतो, याचा बाप नमुना बघायचा तर मे २०१७ मध्ये आलेलं 'काला'चं पोस्टर शोधा. रजनीकांत जीपवर ऐटीत बसलाय. आनंद महिंद्रांनी ती जीप आपल्या संग्रहासाठी मागितल्याच्या बातम्या झाल्या. पण पब्लिकनं वाचली ती नंबर प्लेट. एमएच ०१ बीआर १९५६! बीआर म्हणजे भीमराव रामजी, आणि १९५६ हे नागपूरच्या धम्मदीक्षेचं आणि महापरिनिर्वाणाचं साल, असा अर्थ चाहत्यांनी लगेच लावला. एक अक्षर न बोलता, फक्त नंबर प्लेटवरून सांगायचं ते सांगून झालं. थोडक्यात, जात लपवली नाही की पोस्टर चालत नाही, हा समज आहे, नियम नव्हे.

तिकडंही हेच

'हे सगळं आपल्याकडंच, परदेशात सगळं कसं कूल' असं वाटत असेल, तर सॉरी! २०१३ मध्ये '१२ इयर्स अ स्लेव्ह'ची पोस्टरं इटलीत लागली. गुलाम केलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाची ही गोष्ट, हिरो चिवेटेल एजिओफोर. पण तिथल्या काही पोस्टरांवर भलामोठा चेहरा कुणाचा? ब्रॅड पिटचा, ज्याची भूमिका छोटीशी आहे! आरडाओरडा झाला आणि ती पोस्टरं मागं घ्यावी लागली. २०१५ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या चीनमधल्या पोस्टरवर कृष्णवर्णीय हिरो जॉन बोयेगा आकसून एवढासा झाला. तेव्हाही जगभर चर्चा झाली.

आणि आता तर पोस्टर तुमच्या खिशात आहे. ओटीटीवर दिसणारं ते छोटं चित्र सगळ्यांना सारखं नसतं. तुम्ही काय बघता, त्यावरून तुमच्यासाठी ते निवडलं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तक्रार केली, की ज्या सिनेमांत कृष्णवर्णीय कलाकार दोन मिनिटं दिसतात, त्यांची चित्रं त्यांनाच मुख्य करून आपल्याला दाखवली जातात. नेटफ्लिक्सनं सांगितलं, आम्ही कुणाचा वंश विचारत नाही, फक्त आधी काय बघितलं ते बघतो. असेल. पण परिणाम काय? चेहरा समोर, आणि गोष्टीत त्याला जागाच नाही!

मीटिंगमध्ये कोण बसलंय?

मग हे ठरवतं कोण? पोस्टर काही आकाशातून पडत नाही. एका एसी खोलीत आठ-दहा माणसं बसतात. पहिल्या वीकेंडला किती धंदा होईल, चॅनल किती पैसे देईल, सिग्नलला थांबलेल्या माणसाला तीन सेकंदांत काय कळेल, याचा हिशोब होतो. त्यात खलनायक कुणीच नसतो. फक्त प्रत्येक जण म्हणतो, मला चालेल हो, पण 'लोकांना' चालणार नाही. हे 'लोक' म्हणजे कोण, ते मात्र खोलीत बसलेलं नसतं.

पुण्यात जाहिरातीच्या क्षेत्रात काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, बार्शीची. कुठल्याही कॅम्पेनसाठी फोटो निवडताना 'जरा अर्बन चेहरा बघ' हे वाक्य तिला इतक्यांदा ऐकावं लागलंय, की आता कुणी बोलायच्या आधीच ती सावळे फोटो बाजूला काढते. हे सांगताना ती हसली. मग स्वतःच म्हणाली, की तिचा स्वतःचा फोटो त्या ढिगात असता, तर तोही बाजूलाच पडला असता.

मला वाटतं, हा प्रश्न सिनेमापुरता नाहीच. आपण सगळे स्वतःचं मार्केटिंग याच पद्धतीनं करतो. सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला उतरलेली पोरं पहिल्या महिन्यात काय करतात? 'करलालो' सोडून देतात. 'गाव कुठलं?' या प्रश्नाला तालुका गाळून उत्तर देतात. काही जण आडनावही गाळतात. लिंक्डइनवरचा फोटो जरा उजळ करतात. चेहरा आपलाच, फक्त गोष्ट गायब! इंटरव्ह्यूला बसलेला 'फँड्री'च म्हणा ना. आधी व्हॅलेंटाइनचं गाणं वाजवायचं, आतली गोष्ट निवड झाल्यावर बघू. आणि ज्यांना हे काहीच करावं लागत नाही, ज्यांचं आडनाव आणि उच्चार जन्मतःच पोस्टरसारखे तयार असतात, त्यांच्या हे लक्षातही येत नाही.

म्हणून भिंतीवर कोण आहे, याला एवढं महत्त्व. रिंकू पुढं 'कागर'मध्ये झळकली, लारा दत्तासोबत 'हंड्रेड'मध्ये दिसली, 'झिम्मा २' मध्ये आली. तिला बघत मोठ्या झालेल्या पोरी आता कॉलेजला आहेत, काही तर तुमच्याच ऑफिसात फ्रेशर म्हणून आल्या असतील. त्या बिनधास्त 'काय करलालाव?' म्हणत असतील, तर त्याचं थोडं श्रेय त्या होर्डिंगलाही द्यायला हवं.

येत्या शुक्रवारी पोस्टर बघाल तेव्हा...

- मधोमध कोण आहे आणि कडेला कोण, ते बघा. मग सिनेमा बघून ठरवा, गोष्ट नक्की कुणाची होती.
- स्टार असेल तर तो भिंत आहे की खिडकी?
- रिमेक असेल तर मूळ पोस्टर शेजारी ठेवा. काय पुसलं गेलं, लगेच दिसेल.
- ओटीटीवरचं चित्र मित्राच्या मोबाइलवर बघा. तुम्हाला एक आणि त्याला दुसरं दिसत असेल तर विचार करा, का?
- आणि तुम्ही स्वतः मार्केटिंगमध्ये असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'लोकांना चालणार नाही' म्हणालं, की एवढंच विचारा, 'कुठल्या लोकांना?'

उत्तर आलं नाही, तर सरळ करमाळ्याचं तिकीट काढून द्या. लोक तिथं भेटतील!